दूध जाळायला नेणारा आत्माराम

चिंचणीत दूधवाले पुष्कळ होऊन गेले, पण दुधात पाणी न घालणारा एकच, आणि तो म्हणजे आत्माराम चुरी. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायचा आणि गंमत अशी, की ते खरं होतं. वीस वर्षं त्याने गावातलं दूध गोळा करून सायकलवरून बोईसर स्टेशनला पोचवलं. पावसाळ्यात रस्ता चिखलात जायचा, तेव्हा सायकल खांद्यावर आणि कॅन हातात घेऊन गडी चालायचा, पण पाण्याचा एक थेंब दुधात पडला असेल तर शपथ. बढाईखोर माणूस खोटारडाही असतो अशी आपली एक सोयीची समजूत असते. आत्मारामने ती पार मोडीत काढली होती.

साठ सालानंतर तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं काम निघालं. यंत्रं यायची होती, भिंतीही पुऱ्या उभ्या राहिल्या नव्हत्या, पण त्याआधीच तिथे एक छोटी प्रयोगशाळा थाटली गेली. तिथल्या साहेबांना आसपासच्या गावांतून दर पंधरवड्याला दूध हवं होतं. नेहमी त्याच पाच घरांचं, त्याच जनावराचं, जसं काढलं तसं. त्यांनी पंचायतीत जाऊन विचारलं, की दूध आणायला भरवशाचा माणूस कोण? पंचायतीतल्या सातही जणांचं एरवी कुठल्याच गोष्टीवर एकमत होत नसे, पण त्या दिवशी सातही बोटं आत्मारामच्या घराकडे वळली.

साहेब मुंबईचे, वयाने आत्मारामहून लहान, बोलणं मोजकं. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला समोर बसवून काम समजावलं.

"हे बघा आत्माराम, केंद्र सुरू झाल्यावर लोक विचारतील, आमच्या दुधात काय उतरलं? मासळीत काय उतरलं? तेव्हा उत्तर द्यायचं तर आधी किती होतं ते ठाऊक पाहिजे. आणि आधीचं मोजायची संधी एकदाच मिळते. केंद्र सुरू झालं, की ती गेली."

"म्हणजे रिकाम्या कॅनचं वजन," आत्माराम म्हणाला. "कॅन आधी रिकामा तोलला नाय तर दूध किती भरलं ते कुनाच्या बापाला कळणार नाय."

साहेबांनी ते वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं. आत्मारामचे पाय त्यानंतर आठवडाभर जमिनीला लागले नाहीत.

काम त्याने असं उचललं, की पाहणाऱ्याने पाहत राहावं. दोन लिटरच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या तो स्वतः घासायचा, उन्हात उपड्या घालायचा. दूध मलमलीतून गाळून घ्यायचं, दूध नासू नये म्हणून औषधाचे मोजून थेंब टाकायचे, घराचं नाव आणि तारीख लिहून चिठ्ठी डकवायची. यातलं काही चुकलं नाही. वाटेत नवापूरला थांबून कोळणींकडून मासळीही घ्यायची, ती न धुता, न साफ करता. कोळणींना त्याची फार मजा वाटायची. शाळेच्या छपरावर साहेबांनी चिकट कागदाचं एक ताट ठेवलं होतं, वरून पडणारी धूळ धरायला. त्याचाही कागद बदलायचा. हे सगळं तो एका लाल पुठ्ठ्याच्या डायरीत लिहायचा, आणि तेवढ्यावर न थांबता त्या दिवशी कोण काय बोललं तेही लिहायचा. साहेबांनी एकदा सांगून पाहिलं, की एवढ्याची गरज नाही. पण आत्मारामला कमी लिहिणं जमत नव्हतं आणि कमी बोलणं तर नाहीच.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

पाच घरांतलं एक घर सुलूकाकींचं होतं. काकी साठीच्या पुढच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरामागे नारळी आणि चिकूची वाडी, आणि गोठ्यात चंद्री नावाची एकुलती एक म्हैस. काकींचा सगळा जीव त्या म्हशीत. माणसांशी त्या जेवढं बोलत, त्याच्या दुप्पट चंद्रीशी बोलत.

सदुसष्ट सालच्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात काकींनी त्याला सहज विचारलं, "आत्मा, हे दूध जातं कुठं रे? तुझे साहेब पितात काय एवढं?"

झालं. आत्माराम ओटीवर मांडी ठोकून बसला. "पितात कसले काकी. थेंबभर तोंडाला लावत नाय कोन. आधी मोठ्या तव्यावर आटवतात. मग ते भट्टीत घालतात, लोखंड लाल व्हावं अशी भट्टी. दूध जळून जळून पांढरीफेक राख होते. ती राख तोलतात, एवढ्याशा तबकडीत पसरतात आणि शिशाच्या विटांच्या घरकुलात ठेवतात. वर यंत्र. दिवसभर ते यंत्र ठोके मोजत बसतं. म्हटलं ना, साधं काम नाय ते."

 काकी उठून गोठ्यात गेल्या आणि चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. आत्मारामला वाटलं, म्हातारी थक्क झाली. डायरीत त्याने तसंच लिहून टाकलं.

पुढे जानेवारी संपता संपता साहेबांनी त्याला आत बोलावलं. टेबलाशी मंदा सावे बसल्या होत्या. पालघरच्या, बी. एस्सी. झालेल्या, आणि किरणोत्साराचे ते ठोके मोजणारं यंत्र त्यांच्याच ताब्यात असायचं. त्यांनी वही त्याच्यासमोर फिरवली.

"बाकी चार घरांचे मिनिटाच्या ठोक्यांचे आकडे बघा. वीस, बावीस, एकवीस, बावीस. दोन वर्षं हेच चाललंय. सुलूकाकींचाही एकवीसच होता. दिवाळीपासून बघा. पस्तीस, अडतीस, एकेचाळीस. आणि नुसते ठोके नाही वाढले. दूध जाळल्यावर जेवढी राख उरायला हवी, त्यापेक्षा तीन-चार ग्रॅम जास्त उरते."

"म्हणजे?" आत्मारामने विचारलं, पण त्याला म्हणजे काय ते कळलं होतं.

"म्हणजे दुधात काहीतरी मिसळलं जातंय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यामुळे ते जास्तच लागलं. "केंद्र अजून सुरू झालेलं नाही, तेव्हा ते तिथून आलेलं नाही. घरातून दूध निघतं आणि इथे पोचतं, त्यामध्ये तुम्ही एकटेच असता."

वीस वर्षांत आत्मारामला उन्हाने तापवलं, पावसाने भिजवलं, बोईसरच्या हलवायाने भावात घासलं, पण भेसळीचं नाव त्याच्यासमोर कुणी काढलं नव्हतं. त्याचे कान तापले. 

"मी तुमच्यावर आरोप करत नाही," साहेब पुढे म्हणाले. "पण माझी अडचण समजून घ्या. एका घराचं दूध बिघडलं आणि का ते कळलं नाही, तर आणणाऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही. मग पाचही घरांचे दोन वर्षांचे सगळे आकडे मला वहीतून काढावे लागतील. केंद्र सुरू व्हायला आता वर्ष उरलंय. पुन्हा मोजायला वेळ नाही. पंधरा दिवस देतो. काय मिसळलं जातंय ते शोधा."

आत्माराम उठला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "पंधरा नको साहेब, आठ पुरे. दुधातली चोरी धरायला मला पंधरा दिवस लागले, तर वीस वर्षं मी नुसतीच सायकल चालवली म्हनायची."

बोलला खरा, पण सायकलवर बसल्यावर आठ दिवस मोजायला लागला. नोकरीचं त्याला फार नव्हतं, सायकल होती, कॅन होते. पण पाणी न घालणारा आत्माराम हे त्याचं सगळं होतं. ते गेलं तर तारापूर ते बोईसर कुठल्या तोंडाने फिरायचं? आणि आपण भरलेली दोन वर्षांची वही, रिकाम्या कॅनचं ते वजन, पाण्यात जाणार म्हणून त्याला जास्तच वाईट वाटत होतं.

पहिल्या दिवशी त्याने बाटलीवर संशय घेतला. काकींच्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून मंदाताईंना नेऊन दिलं. बाटली साफ निघाली. मग पेंडीवर आला. काकींची पेंड आणि शेजारच्या घरची पेंड एकाच गोणीतली, आणि शेजारच्या घरचं दूध बिनचूक. वैरण पाहिली, हौद पाहिला, गोठ्याच्या कुडाला हात लावून पाहिला. दुधाचं मापयंत्र तर त्याने मागेच लावलं होतं. दिवाळीपासून काकींच्या दुधात ते वर वर तरंगत होतं, आणि दूध घट्ट झालं म्हणून यानेच चंद्रीची पाठ थोपटली होती. त्याची नजर आयुष्यभर एकच गोष्ट हुडकत आली होती, आणि ती म्हणजे पाणी. दुधात पाण्याखेरीज आणखी काही पडू शकतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तो डायरी घेऊन चुलीपाशी बसला. त्याची बायको जमना भाकऱ्या थापत होती. ती त्याच्याइतकी बोलकी नव्हती. घरात दोघांनीही बोलून चाललं नसतं.

"दिवाळीच्या आधी आकडा बरा होता ना?" तिने विचारलं. "मग बिघडायच्या आदल्या खेपेचं काय लिवलंय ते वाचा."

आत्मारामने पान काढलं. "सुलूकाकींचे घर. दूध दोन लिटर. काकींना प्रयोगशाळेची सर्व माहिती दिली. दूध कसे आटवतात, भट्टीत कसे जाळतात, सर्व सांगितले. काकी थक्क झाल्या."

जमनाचा भाकरी थापणारा हात तिथेच थांबला. "दूध जाळतात, हे तुमी काकीला सांगितलंत?"

"सांगितलं. त्यात काय?"

"त्यात काय? अवो, चुलीवर दूध उतू जाऊन जळलं तर माझी सासू दिवसभर जेवायची नाय. दूध जळलं की म्हशीची कास सुजते म्हनायची. तुमच्याच आईचं सांगते मी. आणि तुमी त्या बाईला तिच्याच म्हशीचं दूध भट्टीत घालतात म्हनून सांगून आलात, वर थक्क झाल्या म्हनून लिवलंत." जमनाला हसू आवरेना. "तुमच्या तोंडाला कुलूपच घालायला पायजे."

आत्मारामला मात्र हसू आलं नाही. तो पान पाहत राहिला. आई आठवली, उतू गेलेल्या दुधावर पाणी शिंपडणारी, गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाया पडणारी. हे सगळं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि बढाई मारताना नेमकं तेच तो विसरला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो काकींच्या वाडीत हजर झाला. एरवी तो ओटीवर थांबायचा आणि काकी आतून लोटी भरभरून आणून द्यायच्या. आज तो सरळ गोठ्यात गेला. काकी धार काढत होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि धार चालू ठेवली.

"काकी, आज बाटलीचा दिवस नाय. पण बाटलीच्या दिवशी करता तसंच करून दाखवा."

काकींनी आढेवेढे घेतले नाहीत. दूध घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. चुलीशेजारी एका डब्यात वस्त्रगाळ राख होती. काकींनी लोटी भरली, राखेची चिमूट घेतली, लोटीवरून ओवाळली आणि दुधात सोडली. बोटाने ढवळली. दुसरी लोटी भरली, पुन्हा चिमूट. काकींची चिमूट म्हणजे साधी नव्हती, दोन माणसांना दात घासायला पुरली असती.

"दर लोटीत?" आत्मारामने विचारलं.

"दर लोटीत. फक्त तुझ्या बाटलीच्या दुधात. पिनाऱ्या गिऱ्हाईकाला कशाला घालू?" काकी शांतपणे म्हणाल्या. "आगीला आधी राख दाखवायची. हे जळून झालेलं हाय म्हटलं, की आग मागनं काही मागत नाय. माझी सासू करायची. आणि बघ जाऊन, दिवाळीपासून चंद्रीची कास एकदा सुजली नाय."

आत्माराम पाट ओढून बसला. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला, आणि त्याच श्वासाबरोबर स्वतःची लाजही वाटली. चोर तर सापडला होता, पण चोराला वाट दाखवणारा तो स्वतःच होता.

"काकी, ही राख बंद करायला पायजे."

"मग दुसरी म्हस बघ." काकींचा आवाज जराही हलला नाही. "दूध देईन म्हटलं, देते. पण माझी चंद्री मी आगीच्या तोंडी देनार नाय."

सोपी वाट समोर होती. शेजारच्या घरचं दूध भरायचं आणि चिठ्ठी काकींची लावायची. आकडा एकवीस आला असता, साहेब खूश, काकी खूश, कुणाला पत्ता लागला नसता. ती वाट आत्मारामला दिसली आणि तिचा त्याला इतका राग आला, की तो उठून अंगणात गेला आणि दोन फेऱ्या मारून परत आला.

"काकी, राख दुधाबरोबर गेली म्हनजे झालं ना? दुधातच पडायला पायजे असं काही हाय?"

काकींनी विचार केला. "बरोबर गेली म्हनजे झालं."

"मग कागदाची पुडी करा. तुमच्या हातानं. पुडी मी बाटलीच्या गळ्याला बांधून नेतो."

काकी दारातून गोठ्यातल्या चंद्रीकडे बघत राहिल्या, जणू तिचाही सल्ला घ्यायचा होता. मग म्हणाल्या, "पण पुडी आधी भट्टीत जायला पायजे. दूध मागनं. हे तुझ्या साहेबाकडनं कबूल करून घे."

साहेबांसमोर उभं राहून आत्मारामने सगळं सांगितलं. आपण मारलेली बढाईही सांगितली, त्यातला एक शब्दही गाळला नाही. "दुधात राख काकींनी घातली, पण घालायला लावली मी. वहीतनं काढायचं तर मला काढा साहेब, दोन वर्षांचे आकडे काढू नका. दिवाळीपर्यंत दुधात काही पडलेलं नाय, आणि दिवाळीनंतर काय पडलं ते आता तुमच्या हातात हाय." त्याने राखेची पुडी टेबलावर ठेवली.

साहेबांनी पुडी उचलून हातात तोलली. मंदाताईंनी हसू दाबायला ओठ आवळले होते.

"पुडी आधी भट्टीत घालायची, असं काकींचं म्हणणं आहे?"

"हो साहेब. त्याच अटीवर दूध देतात."

"मग घालू," साहेब म्हणाले. "भट्टीला काय फरक पडतो? आणि आत्माराम, तुम्हाला काढायचं म्हणालात, तर मग ही डायरी कोण लिहिणार?"

पुढच्या पंधरवड्याला बाटली आली, गळ्यात पुडी घेऊन. पुडी आधी भट्टीत गेली, मग दूध. काकींच्या दुधाचा आकडा निघाला एकवीस. पण त्याआधी मंदाताईंनी पुडीतली राख तबकडीत पसरून यंत्राखाली ठेवली होती, आणि तिचे ठोके ऐकून साहेब खुर्चीतून उठून आले. सगळ्या नमुन्यांत एवढे ठोके कशाचेच नव्हते. त्यांनी पुन्हा मोजायला लावले. पुन्हा तेच.

साहेबांनी त्या दिवशी आत्मारामला शेजारी बसवून समजावलं. काही ठोके राखेचे स्वतःचेच असतात, लाकडात जन्मजात असतात तसले. पण सगळे नाहीत. जगात दूर कुठे कुठे बाँब फोडून पाहिले गेले, त्यांची धूळ आभाळात चढली आणि पावसाबरोबर सगळीकडे उतरली. झाडांवर उतरली, मातीतून मुळांत गेली. आपण लाकूड जाळतो, लाकूड जातं आणि ते सगळं मूठभर राखेत उरतं. "आम्ही माती मोजली, गवत मोजलं, समुद्र मोजला," ते म्हणाले. "प्रत्येक घरातली चूल मोजायचं कुणाला सुचलं नाही." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने नमुन्यांच्या यादीत एक ओळ वाढवली. चुलीची राख. पुढे नमुना आणणाऱ्याचं नाव, आत्माराम चुरी.

आत्मारामने बढाईच्या बाबतीत कानाला खडा लावला होता. पण काकींनी पुडीचं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा खोटं सांगणं त्याला जमेना. त्याने सगळं सांगितलं, या वेळी हळू आवाजात.

काकींनी राखेचा डबा हातात घेतला, आत पाहिलं. "कुनी फोडले हे बाँब?"

"लांबच्यांनी काकी. समुद्रापलीकडच्या."

"आणि आलं ते माझ्या चुलीत." काकींनी डब्याचं झाकण लावलं. "मग तिथल्या म्हशींचं काय झालं असेल रे?"

 त्या दिवसाच्या पानावर आत्मारामने फक्त काकींचा प्रश्न लिहिला आणि डायरी मिटली.

एकोणसत्तर साली केंद्र सुरू झालं. तारा ओढल्या गेल्या, दिवे लागले, मोठी माणसं येऊन गेली. त्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्याला साहेब स्वतः आत्मारामबरोबर चिंचणीला आले. साडेतीन वर्षांचं रिकाम्या कॅनचं वजन वहीत भरलेलं होतं, एकही पान न फाडता. आता भरल्या कॅनची पाळी होती.

काकींनी धार काढली. लोटीतलं दूध आत्मारामने मलमलीतून बाटलीत गाळलं. काकींनी पुडी बांधली आणि बाटली साहेबांच्या हातात न देता आत्मारामच्या हातात दिली.

"आत्मा, तू दुधात कदी पानी घातलं नायस, हे अख्ख्या गावाला म्हाईत हाय," काकी म्हणाल्या. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "जाळा, माझी ना नाय. पण आता जो आकडा येईल, त्यात तुमीबी पानी घालू नका."

साहेबांनी टोपी काढली. "नाही घालणार काकी," ते म्हणाले, आणि आत्मारामने बाटली सायकलला बांधली.